थोरल्याची हळद

हर्षल पिंगळेचा धंदा फेटे बांधायचा. हा काय धंदा झाला, असं त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांना वाटलं होतं, आणि देवळ्याच्या माणसाला कांद्याशिवाय दुसऱ्या कशात पोट भरतं हे पटवणं सोपं नाही. पण लग्नसराईत नाशिकच्या कुठल्याही लॉन्समध्ये जा, दाराशी टेबल मांडून, तोंडात टाचण्या धरून हर्षल उभा दिसायचा आणि त्याच्यापुढं वऱ्हाडी मंडळी रांगेत. डोकं हातात आलं की माणूस कळतो, असं तो म्हणायचा. मुलीचा मामा फेटा बांधताना सारखा हलतो. मुलाचा काका तुरा मोठा काढायला सांगतो. आणि नवरदेव असेल तर त्याच्या कानशिलावर घाम असतो. "कितीबी गप्पा मारणारा असू दे," हर्षल सांगायचा, "शेवटचा पेच मारला की सगळ्यांचा चेहरा एकच होतो. दाढ काढायला बसल्यासारखा."

आता त्याची स्वतःची पाळी आली होती आणि गडी भलताच खुशीत होता.

साखरपुडा देवळ्यालाच झाला. मुलगी शुभांगी, सटाण्याच्या एका पतसंस्थेत कामाला. अंगठी घालायची वेळ आली आणि ती मधल्या पेरावर जी अडकली ती पुढं जाईना. भटजी थांबले, कॅमेरावाला थांबला, दोन्हीकडच्या बायका श्वास रोखून बघायला लागल्या. हर्षल म्हणाला, "राहू द्या, एवढ्यावरच भागवू. बाकीची लग्नात घालतो." सगळे वडीलधारे समोर बसलेले असताना शुभांगी खो खो हसली. मान खाली घालून, पदराआड वगैरे काही नाही, सरळ हसली. हर्षलला तिथंच ती आवडली. त्याच्या घरात असं हसू फार वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं.

मग लग्नाची तयारी सुरू झाली आणि त्याच्या विनोदाला नुसता ऊत आला. हॉल बघायला गेला तर म्हणाला, इथल्या प्रत्येक खांबाला टेकून मी वडापाव खाल्लाय. पत्रिका छापायला गेला तर म्हणाला, माझं नाव लहान अक्षरात टाका, पाहुण्यांची जागा जाते. गंगापूर धरणाच्या कडेला फोटो काढताना फोटोवाल्यानं दोघांना पळायला लावलं, तेव्हा हा पाच-पन्नास पावलं पळून खाली बसला आणि म्हणाला, लग्नाआधी इतकं पळवतात म्हटल्यावर नंतर माणूस कुठं पळणार. शुभांगी चारचौघांत त्याला 'अहो' म्हणायची आणि फोनवर 'तू'. त्यावरही त्याचे विनोद होतेच.

हे सगळं ऐकून कुणाला वाटलं असतं, काय मजेशीर घर आहे. तसं नव्हतं. हर्षल विनोद करायचा कारण तो गप्प बसला की घरात दिनेश बोलायला लागायचा.

दिनेश म्हणजे हर्षलचा थोरला भाऊ. आठ वर्षांपूर्वी त्याचं लग्न ठरलं होतं. मखमलाबादच्या याच घरासमोर मांडव पडला होता, सकाळी हळद लागली होती. दुपारी आचाऱ्याचा गॅस संपला. हळद लागलेल्या नवऱ्यानं वेस ओलांडायची नाही, हे लहान पोरालाही ठाऊक असतं, पण दिनेश म्हणाला, मी काय लंडनला चाललोय का, आलोच. पाटाच्या, म्हणजे कालव्याच्या पुलावर द्राक्षांच्या पिकअपनं त्याला उडवलं. घरी आणला तेव्हा अंगावरची हळद तशीच होती. ज्या बायकांनी सकाळी ती लावली होती त्यांनीच संध्याकाळी ती पुसली. त्याची होणारी बायको कुठं दिली, आता कुठं असते, हे पिंगळ्यांच्या घरात कुणी विचारत नाही.

नाशिकमध्ये असा गेलेला माणूस नुसता जात नाही. त्याचा वीर होतो. चांदीच्या छोट्या पत्र्यावर घोड्यावरचा स्वार उठवून घेतात, त्याला टाक म्हणतात, आणि तो देव्हाऱ्यात बसतो. धुळवडीला घरोघरचे वीर वाजतगाजत निघतात, पोराटोरांच्या हातात नाचत नाचत रामकुंडावर जातात, अंघोळ करून घरी येतात. त्या दिवशी सगळं शहर नाचतं. हळद लागली आणि लग्न राहिलं अशा एका फार जुन्या नवरदेवाला तर हे शहर दरवर्षी बाशिंग बांधून मिरवतं. दिनेशचा वीर हर्षल नाचवायचा. खोबऱ्याच्या वाटीत टाक ठेवायचा, भोवती फुलं लावायची, संबळावर नाचायचं आणि मागं वळून बघायचं नाही. मागून आई चालत असायची.

आईचं नाव सिंधुबाई. दिनेश गेला त्या दिवसापासून या बाईनं देव्हाऱ्यातल्या टाकाची जी सेवा केली तशी कुणी जिवंत सासऱ्याचीही करत नाही. सकाळी पहिला चहा टाकापुढं. अमावस्येला नारळ. घरात गोडधोड झालं की पहिला घास तिकडं. आणि हर्षल घराबाहेर पडला की तिचा फोन, पोचलास का. एखादा फेटा अर्धा बांधलेला, समोर नवरदेव ताटकळलेला, आणि खिशात फोन वाजत असायचा. हर्षल तो टाचण्या धरलेल्या तोंडानंच उचलायचा. त्याला वाटायचं, आई फोन मला करते पण विचारते दिनेशला. आपण म्हणजे तिच्या लेखी उरलेला मुलगा. हे त्यानं कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. विनोद केले.

लग्नाच्या खरेदीत तर दिनेश रोजच यायला लागला. शेरवानी घ्यायला गेले तेव्हा सिंधुबाईनं मोतिया रंग काढला. हर्षल म्हणाला, मला निळा हवाय. ती म्हणाली, "दिनूला मोतिया शोभायचा," आणि दुकानदार मोतियाच बांधायला लागला. शेरवानीची उंचीही तिनं दोन बोटं जास्त सांगितली. दिनेश उंच होता. केटरिंगवाल्याकडं चव बघायला गेले तेव्हा तिनं गुलाबजाम काढून बालुशाही घातली, आणि का ते हर्षलनं विचारलंच नाही. त्यानं शुभांगीला फोनवर सांगितलं, "तुझ्या लग्नाला मलापण बोलव हं. मुलाकडच्यांतर्फे येईन, आहेर आणीन."

ती पहिल्यांदा हसली. अशा दोन-तीन गोष्टी ऐकल्यावर मात्र एक दिवस हसली नाही. म्हणाली, "हर्षल, तुमच्या घरात नक्की कुणाचं लग्न ठरलंय?"

त्या दिवशी त्यानं विनोद न करता फोन ठेवला. तसा प्रसंग त्याच्यावर क्वचितच यायचा.

लग्नाच्या आठवड्यात तो आरशासमोर बसला. दुसऱ्यांची एवढी डोकी बांधली, आपलं आपण बांधायला काय लागतं, म्हणून सरावाला बसला. पाच वार कापड, एक टोक दातात, पेच मागून पुढं, नेहमीचंच काम. पुरा झाला आणि फेटा भुवईवरून घसरून डोळ्यांवर आला. सोडला, पुन्हा बांधला. पुन्हा सैल. तिसऱ्या वेळी त्याला कळलं. फेटा बांधायला तो शिकला तेव्हा डोकं दिनेशचं होतं. दिनेश दाराच्या उंबऱ्यावर बसायचा, हा मागं उभा राहायचा, आणि दिनेश ओरडायचा, अरे डोकं हाय, नारळ नाय. दुसऱ्यांची डोकी बांधताना हात डोळ्यांचं ऐकायचे. स्वतःचं डोकं मागून आरशातही दिसत नव्हतं, म्हणून हात आपोआप त्या जुन्या, मोठ्या डोक्यावर गेले. आरशात फेट्याखाली त्याचा चेहरा होता, पण त्या घेरात दुसरंच कुणीतरी बसतं हे त्याला स्पष्ट दिसलं. त्यानं फेटा घाईनं सोडून ठेवला आणि एका मित्राला सांगितलं, माझा तू बांध बाबा, घरचा न्हावी घरचं डोकं करत नाही. मित्राला तो विनोद वाटला.

हळदीचा दिवस उजाडला. लग्न दुसऱ्या दिवशी, औरंगाबाद रोडवरच्या एका लॉन्समध्ये. मुलीकडची मंडळी आदल्या रात्रीच तिथल्या खोल्यांत येऊन उतरली होती. इकडं दारात मांडव पडला. उंबराची फांदी, आंब्याचे डहाळे, स्पीकर, सगळं आठ वर्षांपूर्वी होतं त्याच जागी. हर्षलनं मांडववाल्याला मुद्दाम सांगितलं होतं की या वेळी दार दुसऱ्या बाजूला काढ. मांडववाल्यानं सवयीनं तिकडंच काढलं.

पाट मांडला. सिंधुबाईनं त्याच्या शेजारी दुसरा पाट मांडला, त्यावर तांदळाची रास, आणि राशीवर टाक. देवाला आधी हळद लावतात, रीतच आहे, कुणाला काही वाटलं नाही. पण ती थांबेना. पाच सवाष्णींना तिनं एकेक करून पुढं बोलावलं आणि टाकाला हळद लावायला लावली. गाणं म्हणायला लावलं. मग पदराच्या गाठीतून तिनं बोटभर लांबीचं बाशिंग काढलं आणि टाकाला बांधलं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या, पण आई आहे, थोरला गेलाय, म्हणून कुणी बोललं नाही. मग त्याच वाटीतली हळद हर्षलला लागली. तो ओरडत होता, आत्या, नाकात नको, उद्या शिंका येतील. फोटो निघाले. नवऱ्याला लागून उरलेली ती उष्टी हळद, ती मुलीकडं न्यायची असते. करवल्या वाटी घेऊन गाडीत बसल्या, मागोमाग पुरुष मंडळी दोन गाड्यांतून गेली, आणि मांडव एकदम रिकामा झाला.

राहिली ती घरची चार माणसं. हर्षल, सिंधुबाई, दत्तू म्हणजे हर्षलचे वडील, ज्यांना तो नाना म्हणायचा, आणि साळूबाई आत्या. साळूबाई पायरीवर बसली होती ती उठेचना. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "वहिनी, एक विचारू का? तू हळद देवाला लावली का नवऱ्याला?"

सिंधुबाई तांदूळ गोळा करत होती. तिनं वर बघितलं नाही. "नवऱ्याला," ती म्हणाली.

"आगं बाई," साळूबाई म्हणाली. "म्हंजे ती वाटी..."

"व्हय."

"त्या पोरीला जी हळद लागंल ती कुणाची उष्टी? दिन्याची? आगं, देवाची हळद प्रसाद म्हणून चालती. पर तू त्याला बाशिंग बांधलं, पाच जणींकडून नवरा केला. ती पोर आता कुणाच्या नावानं पिवळी व्हनार?"

हर्षलला नेहमीप्रमाणं काहीतरी सुचलं. "आत्या, म्हणजे मी करवला का?" तो म्हणाला. कुणी हसलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यालाही ते बोलताना हसू आलं नाही. आजवर शेरवानी गेली, बालुशाही गेली, ते त्यानं हसून सोडलं. पण आता आईनं त्याची बायकोच दिनेशला नेऊन दिली होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"आई, मी तुझा कोण आहे ते एकदा सांग. मी दिनेश नाही. मला दिनेश व्हायचंही नाही. माझ्या लग्नात तरी मला नवरदेव होऊ देशील का नाही?"

सिंधुबाईच्या हातातले तांदूळ खाली पडले. तिनं त्याच्याकडं बघितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत तो समजत होता ते काहीच नव्हतं. तिथं माया नव्हती, आठवण नव्हती. निव्वळ भीती होती.

"मला तू जिता पाहिजे," ती म्हणाली. "बाकी मला काय नको. त्याची इच्छा राहिली रे. इच्छा राहिलेलं माणूस आपलं-परकं बघत नाय, वढून नेतं. तुला हळद लागली का त्याला आठवन येनार. म्हनून मी त्याला कबूल केलं व्हतं. म्हनलं, पोरगी आली का पयला तुला पाटावर बसवीन. तुझं मन भरंल. मग ह्याच्या वाटंला जाऊ नको."

"दादा?" हर्षल म्हणाला. "दादा मला ओढून नेईल?"

ती खाली सांडलेले तांदूळ वेचायला लागली.

"पाटाच्या पाण्यात मला पोहायला शिकवलं त्यानं. एकदासुद्धा हात सोडला नव्हता. आणि तो मला नेईल? आई, तू दादाला घाबरतेस?"

सिंधुबाईनं पदर तोंडात कोंबला. नानांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणजे नानांनाही ठाऊक होतं. रोजचा पहिला चहा, अमावस्येचे नारळ, रामकुंडावरची अंघोळ, मागून चालणं, आठ वर्षं हर्षल ज्याला प्रेम समजून मनातल्या मनात जळत होता, ती सगळी शांती होती. जशी ग्रहाची करतात तशी. आणि ते फोन, पोचलास का, ते हर्षललाच होते. त्याला स्वतःबद्दल बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्याला दिनेशची दया आली. मेल्यावर त्या बिचाऱ्याला सगळ्यांनी नमस्कार केले आणि सगळे त्याला भ्याले.

हर्षलनं शुभांगीला फोन लावला. मागं बायकांचा गलका होता, वाटी पोचली होती. त्यानं सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. तो म्हणाला, "तू नाही म्हणालीस तरी चालेल. कशालाही."

"मी ही हळद लावून घेणार नाही," ती म्हणाली. तिच्या आसपासचा गलका बंद झाला, म्हणजे सगळ्यांनी ऐकलं. "भाऊजींना माझा नमस्कार आहे. पण माझं लग्न तुझ्याशी आहे. तुझ्या अंगावरची दे." चारचौघांत ती त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हणाली.

"मी घेऊन येतो," हर्षल म्हणाला.

साळूबाई उठूनच उभी राहिली. हळद लागलेला नवरा, तोच मांडव, तीच दुपार, तोच पूल. नाना म्हणाले, "गाडी मागारी बोलाव. त्या पोरी नेतील वाटी. तू कशाला?" बरोबर होतं ते. गाडी अर्ध्या तासात आली असती. हर्षललाही पटत होतं आणि म्हणूनच त्याला वाटलं, आत्ता जर मी बसलो तर जन्मभर बसेन. उद्या लग्न होईल, परवा बायको घरात येईल, आणि मग ती माझ्या मागं फोन करायला लागेल, पोचलास का.

"आई, मी जाऊन येतो," तो म्हणाला आणि आत जाऊन स्कूटरची किल्ली घेतली.

सिंधुबाई दारात आडवी उभी राहिली. दोन्ही हात चौकटीला. तिला बाजूला करणं त्याला जड नव्हतं, अशक्त बाई ती. पण त्यानं हात लावला नाही. तो नुसता समोर उभा राहिला. ती त्याच्या तोंडाकडं बघत होती, हळदीनं पिवळ्या झालेल्या, आणि तिचे ओठ हलत होते. शेवटी तिनं एक हात काढला. मग दुसरा. ती बाजूला झाली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. साळूबाईनं घाईघाईनं लिंबू खोचलेली कट्यार त्याच्या हातात दिली. हळदीच्या नवऱ्याला ती जवळ ठेवावी लागते. ती धरून स्कूटर चालवता येईना, म्हणून त्यानं ती पिशवी अडकवायच्या हुकाला लावली.

गल्लीत लोक हसले. पिवळं तोंड, पिवळा बनियन, पुढं लिंबू. त्यानं हात केला. मग घरं संपली आणि पाटाचा पूल दिसायला लागला, आणि हर्षलला कळलं की तो आईइतकाच भितो. आठ वर्षं तो या पुलावरून रोज जात होता, पण अंगाला हळद लावून पहिल्यांदा. तोंडावरची हळद वाळून ताणायला लागली होती. समोरून एक पिकअप आला. हर्षलनं वेग इतका कमी केला की गाडी डुगडुगायला लागली. पिकअप गेला. आणि पुलाच्या मधोमध मागची सीट दबली. कुणीतरी बसलं की दबते, तशीच. हँडल हलकं झालं, मागं वजन आलं.

त्यानं वळून बघितलं नाही. पण पूल संपला आणि काहीच झालं नाही. मागं जे होतं ते तसंच बसून होतं, जसं दिनेश बसायचा, पाय खाली लोंबकळत सोडून. मखमलाबाद नाक्याच्या सिग्नलला हर्षल थांबला. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "नवरदेव, एकटेच?" सिग्नल सुटल्यावर हर्षल हळूच म्हणाला, "दादा, नीट बस."

लॉन्समध्ये त्याला दारात बघून शुभांगीची आई दचकली. "हाऊ नवरदेव शे का?" हाच का नवरदेव, असं ती अहिराणीत कुणाला तरी विचारत होती. शुभांगी पाटावरून उठून आली. तिनं त्याच्या गालावरची ओली-वाळली हळद स्वतःच्या तळव्यानं निपटून काढली आणि स्वतःच्या गालाला लावली. एका गालाला, मग दुसऱ्या. बायकांनी तोंडाला पदर लावले, कुणी हसलं, कुणी काय ही रीत म्हणालं. मग तिनं बाजूला झाकून ठेवलेली वाटी त्याच्या हातात दिली.

"ही गंगेत सोड," ती म्हणाली. "फेकून देऊ नकोस. सावकाश सोड."

परत येताना तो गोदाघाटावर थांबला. दुपारचं ऊन होतं, घाटावर कपडे वाळत पडले होते. तो पायऱ्या उतरून पाण्यापाशी बसला आणि वाटी कलंडली. पाणी क्षणभर पिवळं झालं आणि पुढं गेलं. त्याला खूप काही बोलायचं होतं. आम्ही तुला भूत केलं, आईनं, नानांनी, मीसुद्धा. तुला मोतिया रंग खरंच आवडायचा का, तेही मला आता आठवत नाही. यातलं काही त्याच्या तोंडून आलं नाही. तो एवढंच म्हणाला, "दादा, माझं उद्या लग्न आहे. तू इथं उतर आता." आणि रडला. काठावर धुणं धुणाऱ्या बाईनं बघितलं आणि पुन्हा कामाला लागली. लग्नाआधी रडणारे नवरदेव तिनंही बघितले असतील.

वर येऊन स्कूटर सुरू केली तेव्हा ती हलकी होती. त्या हलकेपणाचं त्याला इतकं वाईट वाटेल असं त्याला वाटलं नव्हतं.

पूल आला, गेला. गल्लीत वळला तर सिंधुबाई मांडवाच्या बाहेर, उन्हात, अनवाणी उभी होती. त्यानं स्कूटर लावली. तिनं त्याचे दंड चाचपले, गाल चाचपले, डोक्याच्या मागून हात फिरवला. मग ती त्याच्या खांद्यावरून रस्त्याकडं बघायला लागली.

"एकटाच आला?" तिनं विचारलं.

"हो आई. एकटाच."

तिनं सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. ती तशीच बघत राहिली, रिकाम्या रस्त्याच्या पार टोकापर्यंत. मग ती मांडवाच्या खांबापाशी खाली बसली. "दिन्या," तिनं हाक मारली. "दिन्या रे, माझ्या लेकरा." हर्षल तिच्याजवळ मातीत बसला. आत नाना रडत होते, तेही ऐकू येत होतं. आठ वर्षांत त्या घरात दिनेशसाठी पहिल्यांदाच कुणी नुसतं रडत होतं.